राजधानी कीव, आणि इंग्रजीत के-वाय-आय-व्हीच

युक्रेनच्या राजधानीचं नाव इंग्रजीत कसं लिहायचं यावरून मी गेली काही वर्षं मित्रांशी, ऑफिसातल्या लोकांशी, नातेवाइकांच्या ग्रुपवर वाद घालत आलोय आणि समोरून येणारं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, अरे तिकडे माणसं मरतायत आणि तू स्पेलिंग काय घेऊन बसलायस. दुसरं वाक्य असतं, आपण भारतीय, आपण कोणाच्याच बाजूचे नाही, मग जुनं चालतंय ते चालू दे ना. दोन्ही वाक्यं प्रामाणिकपणे बोललेली असतात हे मला माहितीये, पण दोन्ही चुकीच्या गृहीतकावर उभी आहेत असं माझं मत आहे, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितो.

आधी वाद कशाचा ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की शहराचं नाव बदललं. नाव बदललेलं नाही. शहर तेच, द्नीप्रो नदीच्या काठचं, नाव पण हजारएक वर्षं तेच, ‘की’ नावाच्या माणसाचं गाव असा त्याचा अर्थ सांगतात (बाराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्याच मठात लिहिलेल्या बखरीत ‘की’, श्चेक, होरिव हे तीन भाऊ आणि त्यांची बहीण लिबिद यांनी गाव वसवलं अशी गोष्ट आहे). प्रश्न फक्त इतकाच की हे नाव इंग्रजीत कुठल्या भाषेतून घ्यायचं. के-आय-ई-व्ही हे रशियन भाषेतल्या रूपावरून आलंय, के-वाय-आय-व्ही हे युक्रेनियन रूपावरून. माझं म्हणणं असं की देशाच्या राजधानीचं नाव इंग्रजीत त्या देशाच्या भाषेतून यायला पाहिजे, शेजारच्या देशाच्या भाषेतून नाही, आणि विशेषतः तेव्हा तर नाहीच जेव्हा त्या शेजाऱ्याने शेकडो वर्षं ही भाषा अस्तित्वातच नाही असं सांगितलंय.

लोकांना वाटतं हे सगळं २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झालं, टॅंक आत घुसले आणि पाश्चात्त्य मीडियाने एका रात्रीत स्पेलिंग बदललं. तारखा बघा. २४ ऑगस्ट १९९१ ला युक्रेनने स्वातंत्र्य जाहीर केलं, १ डिसेंबरला सार्वमत झालं, ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटलं, आणि हे हो क्रायमियासकट प्रत्येक प्रांतात बहुमताने आलं. चार वर्षांनी, १९९५ मध्ये, त्यांच्या कायदेविषयक परिभाषा ठरवणाऱ्या आयोगाने सांगितलं की रोमन लिपीत राजधानीचं नाव के-वाय-आय-व्ही असं लिहावं. १९९५! म्हणजे रशियाने क्रायमिया घेतला त्याच्या एकोणीस वर्षं आधी. तेव्हा युद्ध नव्हतं, मोहीम नव्हती, कोणी कोणाची बाजू घ्यावी असा प्रश्नच नव्हता, एका नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाने शांतपणे सांगितलं की आमच्या राजधानीचं नाव आमच्या भाषेतून लिहा, आणि जगाने अकरा वर्षं लक्षच दिलं नाही. २००६ मध्ये अमेरिकेच्या भौगोलिक नावं ठरवणाऱ्या मंडळाने नवं स्पेलिंग पर्याय म्हणून घेतलं, २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या भौगोलिक नावांच्या परिषदेने युक्रेनियन अक्षरं रोमनमध्ये लिहायची त्यांची पद्धत मान्य केली. तरीही बहुतेक मोठी इंग्रजी वर्तमानपत्रं जुनंच छापत राहिली. मग २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये युक्रेनच्या परराष्ट्र खात्याने जाहीर मोहीमच काढली, हे लिहा, ते नको, आणि २०१९ मध्ये एकेक करत सगळे वळले, असोसिएटेड प्रेस ऑगस्टमध्ये, बीबीसी ऑक्टोबरमध्ये, न्यूयॉर्क टाइम्स नोव्हेंबरमध्ये. विकिपीडियावर वर्षानुवर्षं वाद चालला आणि तिथे लेखाचं नाव २०२० मध्ये बदललं. म्हणजे युद्ध पेटलं तेव्हा हा विषय जवळजवळ संपलेला होता.

आणि फुटबॉल बघणाऱ्यांना तर हे आधीपासून दिसत होतं. २०१२ च्या युरो कपची फायनल तिथे झाली, २०१८ ची चॅम्पियन्स लीगची फायनल तिथे झाली (रिअल माद्रिद आणि लिव्हरपूल, सलाहच्या खांद्याला लागलं ती मॅच, आपल्याकडे रात्र जागून कितीतरी जणांनी बघितली), युएफाच्या (युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या) कागदांवर के-वाय-आय-व्ही होतं, क्लबचं नाव पण ते डायनॅमो कीव याच स्पेलिंगने लिहितात. कोणालाही तेव्हा वाटलं नाही की आपण कुठल्या राजकारणात ओढले जातोय.

आता खरा मुद्दा. रशियन रूप वापरण्यात बिघडतं काय? सगळ्यात चांगला आक्षेप मी ऐकलाय तो असा की इंग्रजीत परक्या शहरांची स्वतःची नावं असतातच. मॉस्कोला तिथले लोक मस्क्वा म्हणतात, रोमला रोमा, प्रागला प्राहा, व्हिएन्नाला वीन, वॉर्साला वार्शावा, मग एकट्या कीवचाच हट्ट का? मराठीत पण आपण आपल्या तोंडाला येईल तसं म्हणतो, आणि भाषेला तो अधिकार आहे, मला अगदी मान्य. पण नीट बघा, रोम हे नाव इटलीवर राज्य करणाऱ्या कोणी इटालियन भाषा दाबून टाकताना इंग्रजांच्या हातात दिलेलं नाही. प्राग, वॉर्सा ही इंग्रजीत फार पूर्वीपासून रुळलेली रूपं आहेत, आणि मुख्य म्हणजे इटलीचं किंवा पोलंडचं सरकार असं म्हणत नाहीये की हे नाव वापरू नका. कीवच्या बाबतीत इंग्रजीकडे आपलं घडवलेलं असं रूप नव्हतंच, जुन्या इंग्रजी नकाशांत आणि प्रवासवर्णनांत ते पाच-सहा तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं, कियोव, कीफ, डबल एफवालं कीफ वगैरे, आणि शेवटी जे पक्कं झालं ते रशियन साम्राज्याच्या आणि नंतर सोव्हिएत युनियनच्या कागदपत्रांत, नकाशांत जे होतं तेच. इंग्रजीने ते निवडलं असं म्हणण्यापेक्षा मॉस्कोने दिलं ते घेतलं असं म्हणायला पाहिजे.

आणि मॉस्कोने युक्रेनियन भाषेचं काय केलं होतं ते इथे सांगायलाच हवं, त्याशिवाय चार अक्षरांचा एवढा आग्रह का ते कळणार नाही. १८६३ मध्ये झारचा गृहमंत्री वालुयेव याने परिपत्रक काढलं, त्यात लिहिलंय की वेगळी अशी लिटल रशियन भाषा (युक्रेनियनला ते हेच म्हणायचे) कधी नव्हती, नाही आणि असूच शकत नाही. त्यानंतर या भाषेतली शाळेची पुस्तकं, धर्माची पुस्तकं छापणं बंद. १८७६ मध्ये झार अलेक्झांडर दुसरा जर्मनीतल्या एम्स गावी हवापालटाला गेला होता, तिथे त्याने सही केलेल्या हुकुमाने ही भाषा छापणं जवळजवळ संपूर्णच बंद झालं, बाहेरून छापून आणणं बंद, नाटकं बंद, रंगमंचावर गाणी म्हणणं बंद. त्याच्याही आधी तरास शेवचेन्को. जन्म भूदासाच्या घरात, १८१४ चा, युक्रेनियन भाषेचा सगळ्यात मोठा कवी, शिवाय उत्तम चित्रकार, त्याला १८४७ मध्ये पकडून सैनिक म्हणून हद्दपार केलं आणि झार निकोलसने आदेशावर स्वतःच्या हाताने शेरा मारला की याला लिहायला आणि चित्रं काढायला मनाई. ज्या माणसाला लिहायची बंदी होती त्याचं नाव आज कीवच्या विद्यापीठाला आहे.

सोव्हिएत काळात सुरुवातीला जरा मोकळीक मिळाली, १९२८ मध्ये युक्रेनियन शुद्धलेखनाचे नवे नियम आले, आणि १९३३ मध्ये, दुष्काळात लाखो शेतकरी मेले त्याच काळात, ते नियम रद्द करून भाषा रशियनच्या जवळ आणली, इतकी की कडक ‘ग’चं एक स्वतंत्र अक्षर वर्णमालेतूनच काढून टाकलं. ते अक्षर १९९० मध्ये परत आलं. एका भाषेचं एक अक्षर सत्तावन्न वर्षं सरकारी हुकुमाने गायब होतं, आणि त्या भाषेचे लोक आपल्याला सांगतायत की आमच्या राजधानीच्या नावात ही अक्षरं लिहा. यावर स्पेलिंग काय घेऊन बसलास असं म्हणणं मला जमत नाही. आपण ऱ्हस्व-दीर्घावर, ळ टिकवण्यावर, शाळेत मराठी सक्तीची असावी की नाही यावर किती जिवाने भांडतो, आपल्यापैकी कोणालाही हे सहज समजायला पाहिजे.

बरं हे सगळं जुनं इतिहासातलं आहे, आता काय त्याचं, असंही नाही. २०२१ च्या जुलैमध्ये पुतिन यांनी स्वतःच्या नावाने मोठा लेख प्रसिद्ध केला, विषय काय तर रशियन आणि युक्रेनियन हे ऐतिहासिकदृष्ट्या एकच लोक आहेत. सात महिन्यांनी फौजा कीवच्या दिशेने निघाल्या. तुमचं वेगळं असं काही नाहीच, हा १८६३ चा विचार आणि २०२१ चा विचार यांत मला फारसं अंतर दिसत नाही.

ल्विव शहराचं उदाहरण मला नेहमी आठवतं. ऑस्ट्रियन राज्य होतं तेव्हा ते लेम्बर्ग, पोलंडकडे होतं तेव्हा ल्वूफ, सोव्हिएत आले तेव्हा इंग्रजीत ल्वोव, आणि देश स्वतंत्र झाल्यावर ल्विव. जो आला त्याने आपल्या भाषेतलं नाव पुढे केलं आणि बाहेरच्या जगाने दर वेळी जो राज्य करतो त्याचं नाव उचललं. मग आज ज्यांचा देश आहे त्यांच्या भाषेतलं नाव उचलायलाच नेमका कंटाळा का यावा? ओडेसा तसंच, रशियनवरून दोन एस, युक्रेनियनवरून एक एस, आणि २०२३ च्या जानेवारीत युनेस्कोने त्या शहराचा जुना भाग जागतिक वारसा यादीत घेतला तेव्हा एक एसच लिहिला. खार्किव (खार्कोव नाही), मिकोलाइव (निकोलायेव नाही), चोर्नोबिल सुद्धा. देशाच्या नावाआधी इंग्रजीत ‘द’ लावायची सवय पण त्यातलीच, ‘द युक्रेन’ म्हणजे जणू कुठल्यातरी मोठ्या देशाचा एक प्रदेश, आपल्या भाषांत असला प्रकारच नसल्यामुळे आपल्याकडे हे लक्षात येत नाही पण इंग्रजीत लिहिताना तो ‘द’ काढा.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. कीवमध्ये रशियन बोलणारे लोक पिढ्यान्पिढ्या राहतात, घरी रशियन बोलतात, ते बोलताना रशियन उच्चारानेच नाव घेतात, मग त्यांच्या तोंडचं नाव इंग्रजीत का नको? उत्तर असं की त्यांना रशियनमध्ये रशियन नाव वापरू नका असं कोणी सांगत नाहीये. रशियनमध्ये ते तसंच राहील, पोलिशमध्ये कियूफ राहील, त्यावर कोणाची हरकत नाही. प्रश्न फक्त इंग्रजीचा आहे, आणि इंग्रजी तिथल्या कोणाचीच घरची भाषा नाही, तिथे देश म्हणून जे नाव ठरलंय तेच जाणार. १९९६ च्या त्यांच्या घटनेत युक्रेनियन ही राज्याची भाषा आहे आणि त्याच कलमात रशियन व इतर भाषांच्या वापराची हमी पण दिलेली आहे.

इथे मराठी माणसाला टोचेल अशी एक गोष्ट आहे, बेळगाव. २०१४ मध्ये कर्नाटकाने इंग्रजीत बेळगावी केलं आणि आपल्याला ते आवडलेलं नाही, मलाही नाही. सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात आहे, तो लढा वेगळा आणि तो चालूच राहणार. पण वरचा नियम मी युक्रेनला लावत असेन तर इथे पण लावायला लागतो, मराठीत आपण बेळगाव म्हणतो आणि म्हणत राहू, कोणाच्या बापाची टाप नाही ते बंद करायची, पण इंग्रजी सरकारी पाटीवर काय असेल ते आज तिथलं राज्य ठरवतं. शहर कोणाच्या राज्यात असावं हा वाद असू शकतो, पण तो पाटी रंगवून किंवा पाटीला काळं फासून सुटत नाही. कीवच्या बाबतीत तर तो वाद पण नाही, ते शहर कोणाचं हे १९९१ पासून सगळ्या जगाने, रशियाने सुद्धा, मान्य केलेलं आहे.

आता तो आपण तटस्थ आहोत वाला मुद्दा. भारताने मार्च २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाविरुद्धच्या ठरावावर मत दिलं नाही, रशियाकडून तेल घेतलं, त्यावर तुमचं माझं मत काहीही असो. पण त्याच भारताचा तिथला दूतावास स्वतःच्या नावात के-वाय-आय-व्ही लिहितो. युद्ध सुरू झालं तेव्हा आपली मुलं, मेडिकलला गेलेली, त्यात महाराष्ट्रातल्या गावागावांतली पण होती, तळघरांत आणि मेट्रो स्टेशनांत बसून मोबाइलवर ज्या सूचनांची वाट बघत होती त्या सूचनांवर हेच स्पेलिंग होतं. ऑपरेशन गंगात साडेबावीस हजारांच्या आसपास भारतीय परत आले. २३ ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधान मोदी पोलंडहून ट्रेनने तिथे गेले, युक्रेन स्वतंत्र झाल्यापासून तिथे जाणारे पहिले भारतीय पंतप्रधान, संयुक्त निवेदनात पण तेच स्पेलिंग. म्हणजे जे सरकार मतदानात तटस्थ राहिलं त्यालाही या स्पेलिंगमध्ये बाजू घेतल्यासारखं काही वाटलं नाही. तटस्थ राहायचंय म्हणून रशियन रूप वापरतो हे म्हणणंच उलटं आहे, दोन पर्यायांपैकी बाजू घेणारा पर्याय कुठला असेल तर तो तोच.

आणि आपल्याला तर हे समजावून सांगायची गरजच पडू नये. १९९५ मध्येच, योगायोगाने त्याच वर्षी, बॉम्बेचं इंग्रजीतही मुंबई झालं. मराठीत ती कायमच मुंबई होती, गुजरातीतही, नवीन काही शोधून काढलं नव्हतं, फक्त इंग्रजीला सांगितलं की आता आमच्या भाषेतून घे. त्यावेळी पण लोक म्हणाले की बॉम्बे जगात ओळखलं जातं, गोंधळ होईल, खर्च होईल. काही झालं नाही. आज परदेशातला माणूस मुंबईच म्हणतो. पूनाचं पुणे झालं, शोलापूरचं सोलापूर झालं. आणि राजधानीच हवी असेल तर शेजारचं ढाका घ्या, १९८२ पर्यंत इंग्रजीत ते डी-ए-डबल सी-ए असं लिहायचे, बांगलादेशाने बदललं, डी-एच-ए-के-ए केलं, आणि आज जुनं स्पेलिंग कोणी लिहिलं तर आपल्यालाच ते जुन्या पाकिस्तानच्या काळातलं वाटतं. नेमकी कीवसारखीच गोष्ट, नाव तेच, फक्त अक्षरं.

नाव बदलण्याच्या प्रत्येक मागणीला मान डोलवावी असं मात्र मी म्हणत नाहीये. १९८९ मध्ये बर्माच्या लष्करी राजवटीने देशाचं आणि रंगूनचं इंग्रजी नाव बदललं, लोकांना न विचारता, त्यामुळे लोकशाहीवाले कितीतरी वर्षं मुद्दाम बर्माच म्हणत राहिले आणि मला ते पटतं. कोण मागतंय हे बघायला लागतं. कीवच्या बाबतीत मागणारा देश निवडणुका घेणारा आहे, १९९१ पासून तिथे मतपेटीतून सत्ता पालटलीय, वेगवेगळ्या विचारांची सरकारं आली, आणि रोमन लिपीतलं हे रूप त्यांपैकी कोणीही मागे घेतलेलं नाही.

जुनं कुठे ठेवायचं याबद्दल माझं मत सरळ आहे. कोणाचं वाक्य उद्धृत करताय, जुन्या पुस्तकाचं नाव देताय, तर जसं आहे तसं ठेवा. बॉम्बे हायकोर्ट अजून बॉम्बे हायकोर्टच आहे, आयआयटी बॉम्बेच आहे, आपल्या विमानतळाचा कोड बीओएम आहे आणि कीवच्या जुन्या विमानतळाचा आयईव्ही, त्याने आकाश कोसळत नाही. ‘चिकन कीव’ या लोण्याने भरलेल्या पदार्थाचं नाव मेन्यू कार्डवर कसं लिहावं यावर मी कोणाशी भांडणार नाही (ब्रिटनमधल्या सेन्सबरीज या सुपरमार्केटने २०२२ मध्ये पाकिटावर बदललं, चांगलं केलं). पण मध्ययुगातलं राज्य, कीवन रूस, ज्याने ९८८ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्याबद्दल लिहिताना मला वाटतं नवंच रूप वापरावं, कारण तेव्हा मॉस्कोचं नावही कोणी ऐकलं नव्हतं, मॉस्कोचा पहिला लेखी उल्लेख ११४७ चा, आणि त्या राज्याचं नाव मॉस्कोच्या भाषेतून लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात आपोआप तो रशियाचा इतिहास होऊन बसतो.

राहिलं मराठी. मराठी पेपरांत कीव, किव्ह, कीव्ह असं तिन्ही दिसतं, कधी एकाच पानावर. ‘व्ह’ आपण इंग्रजी व्हीसाठी वापरतो, पण युक्रेनियनमध्ये शेवटचा आवाज मऊ आहे, ओठ गोल करून ‘उ’कडे झुकणारा ‘व’, साधारण किय्-इव असा, उलट रशियन बोलणारा शेवटी जवळजवळ ‘फ’ करतो. म्हणजे आपला साधा ‘व’ त्या उच्चाराला इंग्रजी व्हीपेक्षाही जवळचा आहे. कीव असं लिहिलं की पुरे, ह जोडायची गरज नाही, आणि ल्विव, खार्किवलाही तेच लागू. एमपीएससी-यूपीएससीच्या तयारीची जी पुस्तकं इंग्रजीत आहेत त्यांत देश-राजधानीच्या तक्त्यात कितीतरी ठिकाणी अजून के-आय-ई-व्ही छापलेलं असतं, दर वर्षी नवी आवृत्ती काढणाऱ्या प्रकाशकांनी किमान ती एक ओळ दुरुस्त करावी, मुलं तेच पाठ करून जातात आणि पुढे त्यांच्यातलेच काही जण परराष्ट्र खात्यात बसतात.